गावच्या वाचनालयात लिनक्सचं शिबिर भरवायचंय? आधी मराठी टायपिंग, भाषण नंतर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे शाळा, वाचनालयं, पतसंस्था, सोसायटीची ऑफिसं, डीटीपीवाले, झालंच तर घरात कोपऱ्यात पडलेले पीसी, असे ढीगभर धडधाकट कॉम्प्युटर एका तारखेत भंगारच्या लाइनीत उभे राहिलेत. घरगुती पीसींना एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात पण ते ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे ओपन सोर्सचा, विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट आणि खुल्या लिनक्सचा, प्रचार करायची इतकी चांगली वेळ परत लवकर यायची नाही. आणि आपण लोक काय करतो तर स्टेजवर माइक घेऊन मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं (वापरा, अभ्यासा, वाटा, सुधारून वाटा), १९८३ ची ग्नू प्रकल्पाची घोषणा, १९९१ चं लिनक्स, सगळं सांगत बसतो, समोरचे काका मान डोलावतात आणि घरी जाऊन भाच्याकडून क्रॅक केलेलं विंडोज ११ टाकून घेतात.

काकांना स्वातंत्र्य नकोय असं नाहीये. त्यांचं घोडं मराठी टायपिंगवर, प्रिंटरवर आणि वीस वर्षांच्या जुन्या फायलींवर अडतं, आणि त्यावर आपण बोलतच नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच तीन गोष्टी धरून लिहिलंय.

कधी आणि कुठे

सॉफ्टवेअर फ्रीडम डे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, पण आपल्याकडे तेव्हा बऱ्याचदा गणपतीची गडबड असते, त्यात कोण येणार. त्यापेक्षा १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन पकडा. तेव्हा वाचनालयांना, शाळा-कॉलेजांना तसाही कार्यक्रम घ्यायचाच असतो आणि दरवेळी काव्यवाचन करून त्यांनाही कंटाळा आलेला असतो. ‘कॉम्प्युटरवर मराठी’ या नावाने विषय द्या, हॉल फुकट मिळतो, खुर्च्या मिळतात, चहापण मिळतो. पोस्टरवर लिनक्स हा शब्द बारीक अक्षरात आला तरी चालेल, खरंच चालेल, मोठ्या अक्षरात ‘जुना कॉम्प्युटर फेकू नका, घेऊन या’ एवढंच पाहिजे.

हॉल बघायला जाल तेव्हा पंखे किती यापेक्षा प्लग पॉइंट किती ते मोजा. एक्स्टेन्शन बोर्ड, दोन-तीन जादा मॉनिटर, कीबोर्ड, व्हीजीएच्या वायरी आपल्याच न्याव्या लागतात, लोक फक्त सीपीयू उचलून आणतात. नेटवर विसंबू नका, सगळं आधीच डाउनलोड करून ठेवा.

आठवडाभर आधीचा फॉर्म

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि हेच सगळे टाळतात. येणाऱ्या प्रत्येकाकडून आधीच लिहून घ्या: रॅम किती, हार्ड डिस्क की एसएसडी, प्रिंटरचं मॉडेल काय, आणि ‘या कॉम्प्युटरवर तुम्ही रोज नेमकं काय करता’. शेवटच्या प्रश्नाला ‘सगळंच’ असं उत्तर येतं, तेव्हा फोन करून खोदून विचारा. टॅली आहे का, कोरलड्रॉ आहे का, पेजमेकर आहे का, श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम अशी मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअरं आहेत का, डिजिटल सहीचा टोकन लावता का, अंगठ्याचं मशीन जोडता का.

मग ढीग आपोआप पडतात. ब्राउझर, पत्रं, हिशेबाची साधी एक्सेल शीट, यूट्यूब आणि प्रिंट एवढंच असणारे लोक थेट लिनक्सवर जाऊ शकतात, आणि असे लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त असतात. टॅली किंवा कोरल ज्यांच्या पोटापाण्याचं आहे त्यांना ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) द्या, किंवा सरळ नाही म्हणा, टॅली विंडोजवर चालते आणि ‘वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचं टूल) टाकून बघू’ असं म्हणून कुणाच्या मार्चएंडशी खेळू नका. आणि महा ई-सेवा केंद्रवाल्याच्या मशीनला तर हातच लावू नका, त्यांच्या बायोमेट्रिक यंत्राची सॉफ्टवेअरं विंडोज धरूनच बसवलेली असतात, एक दिवस बंद पडलं तर त्याचा धंदा बुडेल आणि लिनक्सचं नाव गावात कायमचं खराब होईल ते वेगळंच. नाही म्हणता येणं हा प्रचाराचाच भाग आहे, चार जणांना ‘तुमच्यासाठी हे नाही’ म्हटलं की बाकीच्या दहा जणांचा विश्वास बसतो.

चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट या सोप्या लिनक्सचं एक्सएफसीई हे हलकं व्हर्जन, आठ असेल तर सिनॅमन हे जरा जड व्हर्जन. दोन जीबीवर मिंट सुरू होतं, पण ब्राउझरमध्ये तीन टॅब उघडले की रडतं, हे आधीच सांगा. ३२-बिटवाली मशीनं सोडून द्या, मोठ्या डिस्ट्रोंनी, म्हणजे मिंट, उबंटू अशा लिनक्सच्या तयार प्रकारांनी, ती वाट बंद करत आणलीये. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी टाकली तर जो फरक पडतो तो लिनक्समुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो, हेही प्रामाणिकपणे सांगा, श्रेय उगाच लिनक्सच्या पेंग्विनला देऊ नका. आणि हो, पाहुण्यांसमोर उबंटू भारी की फेडोरा भारी की आर्च भारी हा वाद घालणाऱ्या मित्राला चहाच्या काउंटरवर बसवा. प्रेमाने.

पेन ड्राइव्ह, बॅकअप, बूट

व्हेंटॉय नावाचं टूल आहे, ते एकदा पेन ड्राइव्हवर बसवलं की त्यात मिंटच्या दोन-तीन आयएसओ फायली (इन्स्टॉल करायच्या फायली) नुसत्या कॉपी करायच्या, प्रत्येकासाठी वेगळा पेन ड्राइव्ह करत बसावं लागत नाही. आयएसओ उतरवली की तिचा चेकसम (फाइल पूर्ण आणि बरोबर उतरली का ते सांगणारा आकडा) तपासा, अर्धवट उतरलेल्या फाइलवर अर्धा दिवस जातो.

पहिलं काम बॅकअप. इन्स्टॉल नंतर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, शिवाय सी ड्राइव्हच्या मुळाशी लोक ‘नवीन फोल्डर (३)’ करून ठेवतात ते, आणि डी ड्राइव्ह. ब्राउझरमधले पासवर्ड. श्रीलिपीवाल्यांच्या फायली कुठल्या कुठल्या फोल्डरात असतात ते त्यांनाच विचारा. लॅपटॉप असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, नाहीतर बायोसमध्ये काही बदललं की विंडोज दारातच अडवतं. बॅकअप घेतल्याशिवाय इन्स्टॉल नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी नाही.

मग पेन ड्राइव्हवरून बूट: डेल, लेनोव्हो, एसरवर बहुतेक वेळा एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसवर एस्केप. मिंट डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच लाइव्ह चालतं, तसंच चालवून द्या आणि माणसाला पंधरा-वीस मिनिटं एकटं सोडा. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तिथेच तपासून होतात. प्रिंटरमध्ये एचपीवाले बहुतेक सुखात असतात, एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरमुळे. आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या ऑफिसात असतो तो कॅनॉनचा एलबीपी २९०० मात्र डोकेदुखी आहे, त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुन्या जमान्यातला, बसवताना घाम निघतो, म्हणून फॉर्मवर हे मॉडेल दिसलं की त्याची सोय आधीच घरी करून बघा. प्रिंट निघाली नाही तर बाकी काहीही चाललेलं त्या माणसाला दिसत नाही.

आता मराठी

मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट्स, तिथे प्लस, आणि यादीत मराठी शोधायचं. इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण लेआउटही आहे आणि कागप हा फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे टाइप करायचा लेआउटही आहे. दोन भाषांमध्ये उडी मारायचा शॉर्टकट तिथेच ठरवा आणि तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

ज्यांना टायपिंग येत नाही त्यांना इनस्क्रिप्टच शिकवा, हे माझं ठाम मत आहे आणि यावर भांडायला तयार आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, के वर क, शिफ्ट के वर ख, डी वर हलन्त, एवढं सांगितलं की तासाभरात स्वतःचं नाव, गाव, तालुका टाइप होतो. मग मुद्दाम ‘दुसऱ्या तऱ्हेचा’ टाइप करायला द्या, कारण मराठीची खरी परीक्षा तिथे असते: शिफ्ट जे ने ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह. शिफ्ट एन म्हणजे ळ. हे जमलं की माणूस खुशीत येतो, कारण हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या सोयींमध्ये नेमक्या याच अक्षरांची आबाळ झालेली त्याने पाहिलेली असते.

ज्यांना गूगल इनपुट टूल्ससारखं इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स (टायपिंगच्या पद्धती बदलायची टूल्स) आणि त्यावर एम१७एन (अनेक भाषांच्या टायपिंग पद्धतींचा संच) टाका, त्यात मराठीच्या फोनेटिक पद्धती आहेत. पण गूगलसारखा शब्द ओळखून पूर्ण करून देणारा प्रकार तिथे नाहीये, जे लिहाल तेच उमटतं, हे आधी सांगा म्हणजे हिरमोड होत नाही. टाइपरायटरवर शिकलेल्या मावशी-काकांचं वेगळं, त्यांची बोटं रेमिंग्टनवर बसलेली असतात, त्यांना चाळिशी-पन्नाशीत इनस्क्रिप्ट शिका म्हणणं हा आगाऊपणा आहे. एम१७एनमध्ये हिंदी रेमिंग्टन आहे, ते लावून द्या आणि कुठली अक्षरं वेगळ्या जागी आहेत ते त्यांच्याबरोबर बसून लिहून काढा.

लिब्रेऑफिसमध्ये एक जागा अशी आहे जिथे निम्मे लोक हार मानतात. फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर बदलत नाही! कारण लिब्रेऑफिस देवनागरीला सीटीएल म्हणजे जटिल लिपी समजतं आणि तिचा फॉन्ट वेगळा धरतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये सीटीएल चालू करून भाषा मराठी ठेवा, आणि रायटरच्या बेसिक फॉन्ट्स सीटीएलमध्ये आवडीचा फॉन्ट कायमचा ठरवून टाका. नोटो देवनागरी आहे, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बलू’ (Baloo) हे फॉन्ट आहेत, सगळे मुक्त परवान्याचे, छापायला, वाटायला, बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. लग्नपत्रिकावाला डीटीपीवाला आला असेल तर त्याला बलू दाखवा, आणि तो इंकस्केप या चित्रं-डिझाइनच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लावून दाखवा, बाकी काही बोलायची गरज नाही.

जुन्या फायली, म्हणजे खरं भाषण

इथे खूप वेळ द्या. पतसंस्थेच्या क्लार्कने आणलेली २००३-०४ ची फाइल लिनक्सवर उघडली की ‘ÃÖ³ÖÖ’ असली काहीतरी गिचमिड दिसते आणि तो म्हणतो बघा, लिनक्समध्ये मराठी चालत नाही. तेव्हा त्याला सांगायचं की ही फाइल मराठीत कधी नव्हतीच. डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, यांत आत साठवलेली असतात इंग्रजीच्या आसपासची चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा उतरला. तुमच्या सभासदांची नावं, सभांचे ठराव, इतिवृत्तं अशा रूपात आहेत जी एका कंपनीच्या फॉन्टशिवाय, आणि कधी कधी तिच्या डोंगलशिवाय, तुम्हाला स्वतःला वाचता येत नाहीत, शोधता येत नाहीत, क्रमाने लावता येत नाहीत. हे ऐकताना क्लार्कचा चेहरा बदलतो. चार स्वातंत्र्यं जी स्टेजवरून सांगून समजत नाहीत ती इथे एका फायलीत समजतात, तेव्हा जे काय वैचारिक बोलायचंय ते इथेच बोला, पाच मिनिटं, जास्त नको.

मग लगेच उपाय करून दाखवा. जुना फॉन्ट नुसता कॉपी करून देऊ नका, एक तर त्याचा परवाना तसा नसतो आणि दुसरं म्हणजे आतली गिचमिड तशीच राहते. फॉन्टप्रमाणे कन्व्हर्टर मिळतात, प्रत्येक फॉन्टला वेगळा, कारण प्रत्येकाने चिन्हं आपल्या मर्जीने बसवलीयेत. कन्व्हर्ट झाल्यावर तीन ठिकाणी हमखास नजर टाका. पहिली वेलांटी, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी लिहिलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार, तिथे बरोबर उलट, जुन्या फॉन्टात अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. आणि ऱ्य, ऱ्ह. चौथी एक गंमत आहे, ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी आणि अजूनही लोक अ वर चंद्र चढवून काम भागवतात, दिसायला दोन्ही सारखे पण कॉम्प्युटरला वेगळे, त्यामुळे ‘ॲडव्होकेट’ शोधलं तर निम्मे वकील सापडतच नाहीत. सगळ्या फायलीत एकदा फाइंड-रिप्लेस मारून घ्या.

नवीन फायली स्वतःकडे ओडीएफ या लिब्रेऑफिसच्या खुल्या स्वरूपात ठेवा, तो २००६ पासून आयएसओ मानक आहे आणि त्याची रचना जगजाहीर आहे. बाहेर पाठवताना समोरच्याने बदल करायचा असेल तर डॉकएक्स, नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ. डॉकएक्समध्ये तक्ते थोडे हलतात, आधी सांगून ठेवा.

फोनचं टेबल

एका कोपऱ्यात फोनसाठी टेबल टाका, कारण कॉम्प्युटर नसलेले लोकही येणार. इथे तीन गोष्टी पुरे. कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स किंवा गॅलरी मागितली तर नाही म्हणायचं, रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी त्यांना ते घ्यायलाच मनाई आहे. आधारची झेरॉक्स वाटत फिरण्यापेक्षा यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढायचं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि बायोमेट्रिक लॉक करून ठेवायचं. फायरफॉक्स आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकून द्यायचं, हे तर लोकांना लगेच आवडतं. कुणी म्हणालंच की माझं काय लपवण्यासारखं आहे, तर २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, तिथे ‘लपवण्यासारखं असेल तरच’ अशी अट नाहीये, एवढं म्हणा आणि पुढच्याला बोलवा.

शिबिर संपल्यावर

शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. तेव्हा कोण उचलणार हे आधी ठरवा. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, पंधरा हजारांच्या आसपास मशीनं नेलीसुद्धा, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. त्यामागे राजकारण होतं, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, दोन्ही बाजूंचे लोक अजून वाद घालतात. उलट केरळच्या सरकारी शाळा पंधरा वर्षांहून जास्त काळ मुक्त सॉफ्टवेअरवर चालल्यात, कारण तिथे कॉम्प्युटरबरोबर शिक्षकांचं ट्रेनिंग आणि पुस्तकंही त्याच सॉफ्टवेअरवर बेतली गेली. आपल्या पातळीवर याचा अर्थ इतकाच की शाळेत मशीनं बदलायच्या आधी तिथल्या एका शिक्षकाला, आणि ऑफिसात क्लार्कला, आपल्या बाजूला घ्या. मुख्याध्यापकांची सही मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. अकरावी-बारावीतली दोन मुलं-मुली तयार करा, टाइमशिफ्ट या मिंटमधल्या टूलने चालू सिस्टिमचा स्नॅपशॉट (जशीच्या तशी प्रत) कसा घ्यायचा आणि बिघडलं तर मागे कसं जायचं एवढं त्यांना आलं तर निम्मे फोन तुमच्यापर्यंत येतच नाहीत. ग्रुप व्हॉट्सॲपवरच काढावा लागतो, हसा खुशाल, पण काकू सिग्नल ॲपवर येणार नाहीत.

सरकारी ऑफिसला कामाला लावायचं असेल तर

इथे भाषणापेक्षा माहितीचा अधिकार चालतो. केंद्र सरकारचं २०१० चं मुक्त मानकांचं धोरण आहे, २०१५ चं ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण आहे, दुसऱ्यात टेंडर काढताना ओपन सोर्सचा विचार करायला आणि तो टाळला तर कारण द्यायला सांगितलंय. पण ते केंद्राच्या खात्यांना आणि ज्या राज्यांनी स्वतःहून स्वीकारलं त्यांनाच लागू आहे, त्यामुळे ते नगरपालिकेच्या टेबलावर आपटून ‘हे बंधनकारक आहे’ म्हणू नका, हात दाखवून अवलक्षण होईल.

अर्ज असा करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाइन पोर्टलही आहे. ‘तुम्ही लिनक्स का वापरत नाही’ असं विचारू नका, का-कशाला प्रश्नांना माहिती अधिकारी ताकास तूर लागू देत नाही, नोंदी मागा: मागच्या तीन आर्थिक वर्षांत संगणकाच्या सॉफ्टवेअर परवान्यांवर झालेला खर्च, सॉफ्टवेअरचं नाव, संख्या, रक्कम आणि पुरवठादार यांसह. आणि खाली एक ओळ नक्की टाका की ही माहिती कलम २(जे)(४) आणि ७(९) नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, स्प्रेडशीट फाइलमध्ये आणि युनिकोड मराठीत पाहिजे. कलम ७(९) म्हणतं की माहिती मागितलेल्या स्वरूपातच सर्वसाधारणपणे द्यायची, फक्त त्यामुळे ऑफिसचं मनुष्यबळ आणि साधनं अवाजवी खर्ची पडणार असतील किंवा नोंदीच खराब होणार असतील तर सूट. ज्या स्प्रेडशीटमधून त्यांनी प्रिंट काढली तीच फाइल ईमेल करायला मनुष्यबळ कसलं लागतंय.

तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. बहुतेक वेळा प्रिंट काढून, शिक्का मारून, स्कॅन करून वाकडी पीडीएफ येते. तेव्हा आकडे मिळाले म्हणून गप्प बसू नका, आकडे बाजूला ठेवून फक्त स्वरूपाच्या मुद्द्यावर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा, वीस रुपये लागतात. अपिलात दोनच वाक्यं: फाइल मागितली होती, चित्र दिलं, आणि ७(९) मधली कुठली सूट लागू होते हे उत्तरात लिहिलेलं नाही. सुनावणीला जाताना तीच स्कॅन केलेली पीडीएफ मोबाइलमध्ये घेऊन जा आणि साहेबांना म्हणा यातलं पुरवठादाराचं नाव शोधून दाखवा.